ताठरलेली पाठ

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीसमोर धरला आणि घरात आणखी कुणाची पाठ अशी आखडली होती का, ते विचारलं.

लहानूला बाप आठवला. तलावात जाळं टाकणारा बुधू. शेवटी त्याची मान छातीवर अशी झुकली होती, की समोरच्याचं तोंड बघायला त्याला गुडघे वाकवावे लागत. पाण्यातल्या आसरांचा कोप, असं गाव म्हणायचं.

"बापाले होतं," लहानू म्हणाला.

मग डॉक्टरांनी सावकाश समजावलं. रक्तात एक खूण असते, ती पिढीतून पिढीत उतरते. खूण असलेला प्रत्येक जण आजारी पडत नाही. पण जो पडतो, त्याच्या शरीराचे राखणदारच त्याच्या सांध्यांवर उठतात. सूज येते, ओसरते, पुन्हा येते. पाठीत ती येतच राहिली, की मणक्यांच्या मध्ये हाड धरतं. गोळ्यांनी दुखणं कमी होईल, आजार जाणार नाही.

"पोराले होईन का?"

"होईल, किंवा नाही होणार. आधी सांगता येत नाही."

बाहेर बाकावर बायको वच्छला बसली होती. तिला लहानूने संधिवात आहे एवढंच सांगितलं. चंद्रपूरहून मूल गावाला परतणाऱ्या बसमध्ये ती निर्धास्त झोपली. ही ब्याऐंशीची गोष्ट.

फेकजाळं टाकायला कंबर वळावी लागते. दोन वर्षांत लहानूची वळेनाशी झाली. जाळं मुलाकडे, बिरजूकडे गेलं. वच्छला पूर्वीसारखी बाजारात मासळी विकत राहिली. बिरजूचं जाळं पाण्यावर गोल उघडायचं, तेव्हा लहानू काठावरून पोराच्या कंबरेकडेच बघत बसायचा.

एकोणिसाव्या वर्षी बिरजूची टाच सुजली. चिखलात पाय मुरगळला, म्हणाला. सूज गेली, गुडघ्यात आली. मग सकाळी तो भिंतीला धरून उठू लागला.

त्याच उन्हाळ्यात त्याची सोयरीक ठरत होती. पोरीचा बाप मनसाराम चहा पिताना सहज म्हणाला, पोरगा जरा लंगडून राह्यला. वच्छला मुरगळण्याचं सांगू लागली. लहानूने तिला थांबवलं.

"माह्या बापाले होतं, मले हाये. आता पोराले लागलं. हे जात नाई."

मनसारामने कप खाली ठेवला. तो काही वाईट बोलला नाही. नंतर त्यांच्याकडून निरोपच आला नाही.

वच्छलाने नवऱ्याशी बोलणं टाकलं. बिरजूने मात्र विचारलं, "बाबा, तुमाले आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"तुले चार वर्षं तरी बिनघोर जाळं टाकू देतो, म्हणलं."

बिरजू भिंतीला धरून उठला. कोनाड्यातली पुडी काढून त्याने बापाच्या गोळ्यांतली एक घेतली.

थंडीत दोघांचंही दुखणं एकदमच उसळलं. सकाळी बापलेक ओट्यावर उन्हात बसले, आखडलेलं अंग सुटायची वाट बघत. वच्छलाने लुगड्याचा काष्टा घट्ट मारला, कोपऱ्यातलं झिंग्यांचं छोटं जाळं उचललं आणि थंड पाण्यात उतरायला ती एकटीच तलावाकडे निघाली. तिच्याकडे बघायला बिरजूची मान वळेना. तो ताठ पाठीनिशी सगळाच वळला.