तापत्या तबकडीवरची पांढरी पावले

मित्रांनो, लातूरच्या एका औषधनिर्माण महाविद्यालयातील मी जुनी तापती तबकडी आहे. माझा रंग उडाला आहे, पण माझी ऊब आजही ठरवलेल्या अंशावरून हलत नाही. पांढऱ्या उंदराला माझ्यावर ठेवतात. चटका जाणवला की तो पाय चाटतो. तो क्षण टिपून त्याला लगेच उचलतात. ठरवलेली वेळ संपली, तर पाय चाटला नसला तरी उचलतात. मी आजवर कुणालाही भाजलेले नाही, याचा मला अभिमान आहे.

देगलूरची लुंबिनी पॅरासिटामॉलवर प्रबंध करीत होती. तुम्हाला तापात आणि अंगदुखीवर देतात, तेच हे औषध. ते घेतलेले उंदीर उशिरा पाय चाटतील आणि नुसते पाणी दिलेले लवकर, अशी तिची अपेक्षा होती. परंतु पाणी दिलेलेही उशीरच करू लागले. फरकच उरेना.

"तबकडी बिघडली असेल," तिच्या मार्गदर्शक शिल्पा मॅडम म्हणाल्या. "आणखी एकदाच करून बघ. नाही जमलं, तर विषय बदल. उगाच जिवांना त्रास नको."

लुंबिनीने मला तापमापक लावून पाहिले. मी अचूक होते! मग तिची नजर प्रयोगात मदत करणाऱ्या संगमेश्वरकडे गेली. निलंग्याकडच्या शेतकऱ्याचा हा मुलगा शेपटीला धरून उंदीर पिंजऱ्यातून झटक्यात वर काढीत होता.

"अरे, भुईमुगाच्या वावरातला उंदीर हाय का तो? कसा धरून राहिलास!"

"मग काय, ओवाळून काढू?"

"हाव, ओवाळ! बघ, कसा थरथरून राहिला. इतक्या भ्यालेल्या जिवाला चटका कळंल का?"

संगमेश्वरचे हसू मावळले. भीतीने वेदना काही काळ दबते, हे दोघांनीही पुस्तकात वाचले होते. हाताची सवय मात्र शेतातलीच राहिली होती.

पुढे कित्येक दिवस दोघांनी नव्या उंदरांना रोज ओंजळीत बसवले. "या राजे, या," संगमेश्वर म्हणे आणि लुंबिनीला हसू आवरत नसे.

मग प्रयोग झाला. पाणी दिलेल्यांनी पाय लवकर चाटला, औषध दिलेल्यांनी उशिरा. फरक मोठा नव्हता, पण स्पष्ट होता. मॅडमनी आकडे पुन्हा तपासले.

"लिहायला घे, लुंबिनी."

मित्रांनो, मुक्या जिवांकडून आपण फार मोलाची उत्तरे मागतो. ती खरी हवी असतील, तर प्रश्न विचारण्याआधी त्यांची भीती दूर करा.