बाबांची भाताची वाटी

रक्त काढताना होन्माबाईंनी तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. "बाबांचे उद्योग एकदाचे कागदावर येऊ देत," म्हणाल्या.

शेजारी ताकुरो बसले होते, टोकियोत दत्तक घरी वाढलेले. ते लहान असताना दर हिवाळ्यात आमच्या सादो बेटावरून होन्माबाईंचे वडील सुके माकूळ घेऊन त्यांना भेटायला यायचे. म्हणजे हा त्यांचाच मुलगा, असं सगळं बेट म्हणत आलं. हिवाळ्यात टोकियोला बांधकामाच्या मजुरीवर गेलेल्या पुरुषाबद्दल आमच्या लोकांना दुसरं काही सुचतच नाही. आता बाईंचे आईवडील दोघंही गेले, सांगणारं कोणी उरलं नाही.

"घरच्या देव्हाऱ्यात रोज पहिल्या भाताची वाटी आईच्या फोटोपुढे ठेवते," बाई म्हणाल्या. "बाबांपुढे नाही ठेवत. त्यांनी तिला फसवलं."

मी नळीवर चिठ्ठी चिकटवली. मी रक्त तपासतो, लोकांची घरं नाही.

दोघं सावत्र भावंडं आहेत, हे साध्या चाचणीत दिसलं. पण बाप एक की आई? आईकडून लेकरांना जाणारा धागा पाहावा, तर बाईंच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या आपसातच सोयरिकी, सगळ्यांचा धागा सारखाच. म्हणून अशी मोजकी जनुकं घेतली, ज्यांच्या आईकडून आलेल्या प्रतीवर रासायनिक खूण असते आणि बापाकडच्या प्रतीवर नसते. दोघांचं जिथे जिथे जुळलं, तिथे ते खुणेच्याच, म्हणजे आईकडच्या, प्रतीवर जुळलं. मी सगळं पुन्हा तपासलं, कारण गावगप्पांवर माझाही विश्वास होता.

"तुमची आई एक आहे," मी सांगितलं. "वडील वेगळे."

"तुमचं मशीन बिघडलंय."

"दोनदा पाहिलं, बाई."

"मग बाबा दरसाल कशाला जायचे?"

ताकुरो हळूच म्हणाले, "मला विचारायचे, नीट जेवतोस ना? घरी सांगायचंय, म्हणायचे."

होन्माबाई रडायला लागल्या. "म्हणजे आईला येऊन सांगायला जायचे ते. मी शेवटपर्यंत त्यांच्याशी धड बोलले नाही हो. आणि बाबांनी तरी कधी तोंडातून अक्षर काढलं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आज दोन वाट्या ठेवल्या, म्हणाल्या.

"आईवर राग नाही?" मी विचारलं.

"आहे तर. पण एकाला इतकी वर्षं उपाशी ठेवलं ना, तेवढं पुरे झालं."