चादरीआडचं भांडण

लोरीनचा फोन आला त्या दिवसापासून मी माझ्या नवऱ्याशी, अर्विनशी, बोलणं टाकलं होतं. लोरीन आमची एकुलती एक. बापाचं न ऐकता एका ट्रकवाल्याबरोबर विनिपेगला गेली, आणि आता तो पठ्ठ्या पसार झाला होता. तान्ह्या बाळाला घेऊन ती शनिवारी दुपारच्या बसनं येणार होती. अर्विनचं उत्तर एकच: या घरात नाही. एकदा नाही म्हटलं की हा माणूस खुंटासारखा उभा राहतो. खरं सांगते, मला त्याचं तोंडही बघवत नव्हतं.

नेमका त्याच शनिवारी सकाळी पिंजऱ्यात स्कंक सापडला, म्हणजे तो मांजराएवढा काळा-पांढरा प्राणी, घाबरला की शेपटी वर करून घाण वासाचा फवारा मारणारा. मागच्या पायऱ्यांखाली त्यानं बीळ केलं होतं आणि वास पार स्वयंपाकघरात येत होता. मासे ठेवले तर शेजारची मांजरंच अडकतात, म्हणून अर्विननं आमिषाला मार्शमेलोच्या गोड, मऊ गोळ्या लावल्या होत्या. आता पिंजरा नदीपलीकडच्या झाडीत नेऊन सोडायचा होता. तो न हिंदकळवता गाडीत चढवायला दोन माणसं लागतात, म्हणून त्यानं मला खुणेनंच बोलावलं.

जुनी चादर पुढे धरून आम्ही हळूहळू सरकलो. स्कंकजवळ जाताना गप्प राहायचं नसतं. खालच्या आवाजात सारखं काहीतरी बोलत राहायचं, म्हणजे तो दचकत नाही. अर्विन पावसापाण्याबद्दल पुटपुटायला लागला. मला एवढी संधी पुरे होती.

"मी दुपारी तिला आणायला जाणार आहे," मी अंगाईच्या सुरात म्हटलं.

"मी तुला काय सांगितलंय, एल्सी?" तोही तितक्याच गोडीनं म्हणाला.

"सांग की परत. ओरडून सांग."

त्याचा आवाज चढला, तसे स्कंकनं पिंजऱ्यात पुढचे पाय दाणदाण आपटले. त्यानंतर शेपटी वर होते, हे दोघांनाही ठाऊक होतं. अर्विननं आवाज गिळला. आम्ही पिंजऱ्यावर चादर पसरली.

"वर्षभर एक फोन नाही केला तिनं," तो कुजबुजला.

"तू उचलला असतास? तिच्या खोलीत जाऊन बसतोस, ते मला कळत नाही वाटतं?"

चादर नीट बसली का पाहायला त्यानं एक कोपरा अलगद उचलला आणि तसाच वाकून राहिला. मीही वाकले. जाळीला पुढचे पंजे लावून स्कंक उभा होता. पोटावरचे केस जागोजागी विरळ झाले होते आणि स्तन स्पष्ट दिसत होते.

"ही तर आई आहे," अर्विन म्हणाला. "पिल्लं खाली असतील. हिला नेलं तर उपाशी मरतील."

त्यानं पिंजऱ्याचं दार वर करून अडकवलं आणि आम्ही मागे झालो. ती बाहेर आली, आमच्याकडे ढुंकूनही न बघता डुलत डुलत पायऱ्यांखाली गेली.

"पिल्लं चालायला लागली की आपणच घेऊन जाईल," तो म्हणाला. "तोवर राहू दे तिला."

"स्कंकला राहू दे?" आता हळू बोलायची गरज नव्हती, तरी मी कुजबुजतच होते. "अर्विन, स्कंकला?"

मला रडू आवरेना. तो पाठमोरा होऊन चादरीची घडी घालत बसला. घडी काही जमत नव्हती. आयुष्यात कधी घडी घातली असेल तर ना.

"मागच्या पायऱ्यांनी आणू नकोस तिला," शेवटी तो चादरीकडे बघत म्हणाला. "पुढच्या दारानं आण."

बाळाबद्दल अजूनही एक शब्द नव्हता. मी विचारलंही नाही. बस यायला चांगलाच अवकाश होता, तरी किल्ल्या घेऊन मी तशीच निघाले, त्याचं मन फिरायच्या आत.