शेवटच्या भागातला एक ठोका

मित्रांनो, मी एक जुनी झांज आहे. काशाची, जड, जोडीनं राहणारी. वैजनाथच्या हातांत मी तीस वर्षं लग्नाच्या वराती गाजवल्या. मग डीजे आले आणि मी कपाटावर जाऊन बसले.

दोन हजार तीन साली कोथरूडची नम्रता मला शोधत आली. ती आयटी कंपनीत नोकरी करायची आणि पाश्चात्त्य वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायची. त्यांच्या चार भागांच्या सिम्फनीत झांजेचा एकच ठोका होता. शेवटच्या भागात, आणि तोही हळू.

"एकच? अहो ताई, तेवढ्यात नवरदेव घोड्यावर टांगसुद्धा टाकत नाही!" वैजनाथ हसला.

पण तयार झाला. अक्षरं तो चाळिशीनंतर शिकलेला. स्वरलिपी कुठून येणार? नम्रतानं मात्रांचे आकडे लिहून दिले. ते मोजत तो महिनाभर हळू वाजवायला शिकला. मोठ्यानं वाजवणं सोपं होतं हो!

रविवारी सकाळी कार्यक्रम झाला. वैजनाथची बायको ललिता मागच्या रांगेत बसली होती. नवऱ्याला रस्त्यावर नव्हे, नाट्यगृहात वाजवताना तिला ऐकायचं होतं.

आधी नम्रताचं व्हायोलिन झालं. सभागृह श्वास रोखून ऐकत होतं. मग सिम्फनी. तिसरा भाग दणक्यात संपला आणि लोक उठून टाळ्या वाजवू लागले. लगेच निवेदक शाली घेऊन मंचावर!

"अहो, अजून एक भाग आहे!" वाद्यवृंदाचे संचालक म्हणाले.

"असू द्या हो. पाहुण्यांचा सत्कार थोडक्यात उरकू."

सात शाली, सात नारळ, तीन भाषणं. वैजनाथ मला हातांत धरून उभाच. मग नाट्यगृहाचे व्यवस्थापक आले. "बारा वाजले. दुपारच्या नाटकाचा सेट लागायचाय. वेळ म्हणजे वेळ." पडदा पडला.

बाहेर ललितानं विचारलं, "अहो, तुमचं कधी झालं? माझा डोळा लागला की काय?"

वैजनाथ मला पिशवीत ठेवत म्हणाला, "झालं की. हळू होतं, तुला ऐकू नसेल आलं."

मी चरफडले. पण त्यानं दोन्ही तबकड्यांमध्ये रुमाल घातला होता.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. टाळ्या वाजवण्याआधी मात्र एकदा मंचाच्या मागच्या कोपऱ्याकडे बघा. तिथे कुणाचं वाजवायचं राहिलं असेल.