कवठी चाफ्याची साल

गाइडबुवांनी नोकरीभर एकच गोष्ट खरी सांगितली, ती म्हणजे बागेला तिकीट आहे. बाकी सगळ्या थापा. डोंगरावरच्या गावातली ती फुलबाग होती दीडशे वर्षांची, बुवांच्या तोंडी पाचशेची. तळ्यातला मासा तर दर मोसमात वीतभर लांब व्हायचा.

थोरला भाऊ तिथंच हेडमाळी. तो हसायचा, "बोल बाबा. माझी झाडं बहिरी आहेत."

एकदा पाहुणे जांभया द्यायला लागले, तेव्हा बुवांनी बागेतल्या सर्वांत जुन्या कवठी चाफ्याकडे बोट केलं. "याची नखभर साल उशाखाली ठेवा, वर्षाच्या आत लग्न!"

टाळ्याच टाळ्या. मग काय, रोज तेच. नखभर नखभर करत खोड गोल सोललं गेलं. थोरल्यानं गोणपाट गुंडाळलं, तार लावली, शेवटी हात जोडले, "अरे, उद्यापासून नको सांगूस." बुवांनी मान डोलावली आणि उद्या पुन्हा सांगितलं. टाळ्यांची चटक वाईट. पाचव्या वर्षी झाड वाळलं. थोरल्यानं स्वतः करवत चालवली आणि भावाशी बोलणं टाकलं.

बारा वर्षांनी आज बुवा तिकीट काढून आत आले, ते 'चुकलो' म्हणायला. जुन्या खोडाशेजारी गुडघाभर रोप होतं. थोरला वाकून माती भुसभुशीत करत होता. आणि नवी गाइड मुलगी घोळक्याला सांगत होती, "पानातही तोच गुण आहे बरं का!"

बुवा घोळक्यात घुसले. "खोटं आहे ते! ती थाप मी मारली होती, मी!"

घोळका खो खो हसला. एक बाई म्हणाल्या, "काहीतरीच काय आजोबा! आमच्या धाकटीचं यानंच जमलं." आणि जाता जाता त्यांनी एक पान खुडलंच.

बुवा थोरल्यापुढे उभे राहिले. "चुकलो रे दादा."

थोरल्यानं हातातली माती झटकली.

"तेव्हा बोलला असतास, तर लोकांनी ऐकलं असतं. तेव्हा ती गोष्ट तुझी होती." रोपाकडे बोट करून तो म्हणाला, "हे चौथं रोप. आधीची तिन्ही पानांवाचून गेली."

तो रोपापाशी खाली बसला आणि उरलेली पानं मोजू लागला. बुवांना वाटलं, आपणही बसावं. पण बस म्हणायला कुणी नव्हतं.