साडेतीन बोटांची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. प्लास्टिकची. मित्रांनो, नाक मुरडून झालं असेल तर पुढे सांगते. अजून थोडं मुरडायचं असेल तर तेही उरकून घ्या. मी थांबते. मला घाई नाही, मी कुजत नाही.

माझा जन्म इटलीतल्या मेदा गावचा. या गावात लाकडावाचून कुणाचं पान हलत नाही. सकाळी पावाच्या आधी भुश्शाचा वास येतो. अशा गावाच्या वेशीवर प्लास्टिकचा कारखाना निघाला. ज्वारीएवढे शेंदरी दाणे वितळून साच्यात शिरले, साचा दाबला, उघडला, आणि मी बाहेर आले. पाय, पाठ, बैठक सगळं एकसंध. खिळा नाही, सांधा नाही, सरस नाही. कडांना साच्याचे पातळ पापुद्रे तेवढे चिकटले होते. ते सुरीने कापून माझ्या कडा गुळगुळीत केल्या ओर्नेल्लाने. तिची ती पहिलीच नोकरी. पहिल्या खेपेतली एक खुर्ची प्रत्येक कामगाराला भेट मिळाली. तिने मला निवडलं आणि डोक्यावर उलटी घालून घरी नेलं.

घर जिल्दोचं. जिल्दो म्हणजे तिचे वडील, अक्रोडाच्या खुर्च्या कोरणारा कारागीर. अर्धं बोट करवतीने नेलं होतं, त्यामुळे अंगठा सोडला तर उजव्या हाताला साडेतीन बोटं. पण तो हात लाकडावर फिरला की लाकूड मऊ व्हायचं. हे मीही मान्य करते. खोटं कशाला बोलू?

मार्चमध्ये सुतारांच्या संताचा, योसेफाचा सण येतो. त्या दिवशी जिल्दोच्या घरी अख्ख्या गल्लीतले सुतार जेवायला जमत. रीत एकच होती. टेबलाशी ज्याने त्याने स्वतः केलेल्या खुर्चीवर बसायचं. ज्याच्या हातची खुर्ची नाही, त्याने भिंतीकडेच्या बाकावर. ओर्नेल्ला जन्मापासून बाकावर बसत आली होती. त्या वर्षी तिने मला आणून थेट टेबलाशी लावलं.

"हे काय आणलंस?" जिल्दोने विचारलं.

"माझी खुर्ची. मी केलेली."

"तू केलेली? यंत्राने ओतली गं ती! तू नुसती तिची नखं कापलीस."

टेबल खो-खो हसलं. शेजारचा तेरेझियो म्हणाला, "जिल्दो, मेणबत्तीपासून लांब ठेव हो. नाहीतर सूप व्हायचं तिचं!"

"बाकावर जागा आहे, पोरी," जिल्दो म्हणाला.

"बाकावर पुष्कळ बसले, पपा."

तिने एका हातात ताट घेतलं, दुसऱ्या हातात मला उचललं आणि अंगणात गेली. अक्रोडाची खुर्ची असती तर दोन माणसं लागली असती. बंड करायला मी फार सोयीची आहे. अंजिराच्या निष्पर्ण झाडाखाली मला ठेवून ती जेवली. थंडी अशी की भात गार झाला. तिने शीतही ठेवलं नाही.

पुढे दर वर्षी हेच. एकदा भुरभुर पाऊस लागला, तर छत्री धरून जेवली. आई खिडकीतून तळलेल्या गोड गोळ्यांची बशी बाहेर सरकवायची आणि जिल्दो ते न पाहिल्याचं नाटक करायचा. एरवी मी अंगणातच पडून असे. ऊन खाल्लं, बर्फ झेलला, मांजरीची बाळंतपणं केली. जिल्दो माझ्यावर उभा राहून अंजिरं काढायचा, पण बसायचा नाही. त्याचे पाय चालायचे, बूड नाही. हे सगळं मी हिशेबात धरत होते.

मग त्याचे गुडघे गेले. उभ्याने अंघोळ होईना. अक्रोडाचं स्टूल न्हाणीत ठेवलं, तर पाण्याने त्याचे सांधे सुटले. ओर्नेल्लाने मला आत आणून ठेवलं. म्हातारा बसला आणि कुरकुरला, "घसरते मेली!" मी? साबण तोच सांडायचा.

असे काही हिवाळे गेले. एका सणाच्या आदल्या दिवशी तो मला काखेत मारून, काठी टेकत कार्यशाळेत घेऊन गेला. माझ्या अंगावर न्हाणीतल्या पाण्याचे पांढरे डाग पडले होते. कुठल्याही जुन्या खुर्चीचा मान राखायचा तर आधी थिनरने पुसायची, ही त्याची जन्माची सवय. फडकं भिजवलं आणि माझ्या पाठीवर दाबलं. लाकूड याने उजळतं. माझी कातडी विरघळली. दचकून त्याने हात टेकवला, तर बोटं रुतली. ओढून काढली तेव्हा माझ्या पाठीवर साडेतीन बोटं उमटली होती, कायमची.

तो मटकन खाली बसला. माझ्यावरच. जवळ दुसरं काही नव्हतं.

ओर्नेल्ला दारात आली. "पपा, काय केलंत हे?"

"साफ करत होतो. उद्यासाठी."

"उद्या काय आहे?"

जिल्दो फडक्याशी चाळा करत राहिला. "टेबलाशी घ्यायची होती तिला. तुझ्यासकट. आता नासवली मी."

तिने त्या खुणांवर आपली बोटं ठेवून पाहिली. तिची चारही पूर्ण होती, जुळेनात. मग म्हणाली, "चला, आता तरी यंत्राने केली म्हणू नका."

"काम फार वाईट झालंय गं."

"पहिलंच आहे तुमचं. शिकवीन मी."

दुसऱ्या दिवशी ती टेबलाशी बसली, माझ्यावर. तेरेझियोने खुणा पाहिल्या आणि खुदकन हसला. "जिल्दो, झालं वाटतं थोडं सूप!"

"भात खा गुमान," जिल्दो म्हणाला. "आमच्या घरची खुर्ची आहे ती."

जिल्दो आता नाही. गेल्या वर्षी मिलानहून एका संग्रहालयाचे गृहस्थ आले. माझ्या जातीच्या खुर्च्या आता मिळत नाहीत म्हणे. पाठीवरच्या खुणा घासून काढू, काचेत ठेवू, असं म्हणाले. केस पिकलेल्या ओर्नेल्लाने विचारलं, "आणि बसणार कोण?"

"बसायचं? छे, छे!"

"मग नेऊ नका."

मित्रांनो, मी कुजत नाही हा माझा गुन्हा सांगतात. आरोप खरा आहे, मान खाली घालणार नाही. पण हे ठाऊक असून मला एका उन्हाळ्यापुरतं घरी आणतं कोण? पाय जरा डुगडुगला की नाल्यात फेकतं कोण? लाकूड बिचारं तुमचा निष्काळजीपणा पोटात घेऊन मातीत जातं. मी जाणार नाही. तुमच्या नातवंडांना दिसेल अशीच पडून राहीन. तेव्हा घ्यायची तर जन्मभरासाठी घ्या, पुसा, जपा, वापरा. आणि थिनर लांब ठेवा.

आता असे उभे का? बसा ना. मी चांगली भक्कम आहे.