एक वारा निखाऱ्याला, तीन इबूला

ऐका रे, फक्त ऐका. मध्ये कुणी बोलू नका, नाहीतर माझा धागा तुटेल आणि शेगडी पेटायची वेळ होईल.

मी एक जुना विंझणा आहे. अशी सुरुवात करायची असते म्हणून केली, नाहीतर कसला जुना! पाच महिने झालेत मला. पण मित्रांनो, सातेच्या शेगडीपुढं पाच महिने म्हणजे निम्मं आयुष्य संपलं. बघा ना, उजवी कड काळी पडलीये, दोन पट्ट्या सुटल्यात. तुम्ही चौघं अजून सुतळीत, खिळ्यावर. तुम्हाला अजून कोवळ्या बांबूचा वास येतोय. मीपण तुमच्याच जुडीतला. आपल्या पोनोरोगो गावच्या बाजारातल्या त्याच म्हाताऱ्यानं मला विणलं, तो लवंगेची विडी ओढत बसतो तो, विणताना हाताकडं बघतसुद्धा नाही. आपल्या पाचांना लस्मिनीनं एकदम उचललं. मी सगळ्यात वर होतो, म्हणून मला पहिल्यांदा काढलं. बस, तेवढंच माझं नशीब.

लस्मिनी म्हणजे आमची इबू. इबू म्हणजे आई; गल्लीत लहानथोर सगळे तिला इबूच म्हणतात. एक्कावन्न वर्षांची आहे, पंचवीस वर्षं हातगाडीवर साते भाजतेय, म्हणजे काडीला ओवलेली कोंबडी. आणि तिच्यासोबत धाकटी बहीण वारसिती, ती शेंगदाण्याची चटणी वाटते आणि दिवसभर बडबडते.

पहिला महिना मी काय मजेत होतो! चरबी टपकली, ज्वाळ उठली की थांबायचं, निखारा मंदावला की फटाफट वारा. इबूचा हात असा काही चालायचा की मला वाटायचं, माझ्यातच जादू आहे. लोक म्हणायचे, "धुराची चव खावी तर इबूकडंच." माझं नाव कुणी घेत नव्हतं, पण मला कळायचं ना.

मग एक दिवस, सकाळी दहाच्या सुमाराला, तिचा हात मध्येच वळला.

निखाऱ्याकडून एकदम गळ्याकडं! मी दचकलो. तिचा गळा लाल, कपाळावर घामाच्या धारा, आणि शेगडीपासून चार हात मागं सरकली तरी तसंच. फटाफट, फटाफट. तेव्हापासून हेच सुरू झालं. एक वारा निखाऱ्याला, तीन इबूला. दिवसातून दहा वेळा. रात्रीची झोप नाही, सकाळी डोळे सुजलेले, आणि जीभ अशी तिखट की बाटलीतला मिरचीचा ठेचा लाजेल. निखारे विझायचे, काड्या कच्च्या राहायच्या.

पाक मरदी म्हणून एक रिटायर मास्तर रोज येतात. त्यांनी एक घास घेतला आणि म्हणाले, "इबू, हा कोंबडा अजून आरवतोय."

"आरवत असेल तर ऐकून घ्या, गाण्याचे वेगळे पैसे लावत नाही," इबू म्हणाली. गल्ली हसली. पण इबूनं लगेच मला निखाऱ्याकडून गळ्याकडं वळवलं.

दारोदार काढे विकणारी जामूवाली हळद-चिंचेचा काढा देऊन जायची, इबू दोन-दोन पेले प्यायची. चव छान. अंगातून उठणाऱ्या गरम वाफा तशाच. आणि सुरो महिन्याची जत्रा तीन आठवड्यांवर आलेली! त्या आठवड्यात गावोगावचे लोक पोनोरोगोत येतात, वर्षभराची गिऱ्हाइकं त्याच दिवसांत बांधली जातात. एका दुपारी इबू शेगडीवरून तोंड फिरवून खाली बसली आणि म्हणाली, "वारसिती, मला आगीपुढं उभं राहवत नाही गं. जत्रेच्या आधी काही झालं नाही, तर मी ही गाडी विकते."

पंचवीस वर्षांची गाडी! माझ्या पट्ट्या अंगातल्या अंगात कुरकुरल्या.

आणि त्याच आठवड्यात ते झालं, जे सांगायला मी इतका तडफडतोय.

इबूची पाळी बंद होऊन तेरा महिने झाले होते. ती स्वतःच फुशारक्या मारायची, "सुटले एकदाची." तर त्या दिवशी ती गाडीमागच्या पडद्याआड गेली आणि वारसितीला हाक मारली, "माझं दुसरं लुगडं आण. बोलू नकोस." कमरेला मी खोचलेला. मी पाहिलं. वारसितीनंही पाहिलं. लाल डाग, तळहाताएवढा.

"ताई, हे काय?"

"काही नाही. थोडंच आहे. उष्णता बाहेर पडतीये. कुणाला बोललीस तर तुझी-माझी चूल वेगळी."

दोन दिवसांनी थांबलं. आणि चौथ्या दिवशी दोघी दवाखान्यात गेल्या, वाफांवर औषध मागायला. मी पिशवीतून डोकं काढून. माझ्याशिवाय इबू आता दहा पावलं चालत नव्हती.

डॉक्टर निंग्रुम म्हणून बाई आहेत, हळू बोलणाऱ्या. त्यांनी आधी सगळं ऐकलं. काढ्याला नावं ठेवली नाहीत, फक्त त्यात काय काय असतं ते विचारलं. मग म्हणाल्या, "इबू, अंगातलं संप्रेरक कमी झालंय म्हणून या वाफा येतात. ते बाहेरून देता येतं. गोळी असते, कातडीला चिकटवायची पट्टी असते, हातावर चोळायचं जेल असतं. घरात कुणाला पायात रक्ताची गाठ झाली होती का?"

"आमच्या आईला," वारसितीनं सांगून टाकलं.

"मग गोळी नको. कातडीतून गेलेलं त्या बाबतीत बरं. गर्भाशय आहे ना तुमचं? मग एकटं इस्ट्रोजेन द्यायचं नाही, आतलं अस्तर जाड होतं. सोबत रात्री झोपताना दुसरी एक कॅप्सूल, ती अस्तर सांभाळते. संप्रेरक नकोच असेल, तर दुसरीही औषधं आहेत. काम काय करता?"

"साते भाजते."

डॉक्टर हसल्या. "पट्टी घामानं निघून जाईल. जेल घ्या. पण लावल्यावर पूर्ण सुकेपर्यंत निखाऱ्याजवळ जायचं नाही हं, त्यात अल्कोहोल असतं, पेट घेतं."

"म्हणजे गिऱ्हाइकांना मीच साते," इबू म्हणाली. किती दिवसांनी तिनं विनोद केला होता! मला वाटलं, सुटलो.

मग डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं, "पाळी बंद झाल्यावर मध्ये कधी रक्त गेलं होतं? थेंबभर तरी?"

इबू म्हणाली, "नाही."

अरे, काय सांगू! तिनं मला असं घट्ट धरलं की दांडी कडकडली. आणि वारा घालायला लागली, फट फट फट. वारसिती जमिनीकडं बघत होती. डॉक्टर कागदावर लिहीत होत्या. लिहून झालं, कागद फाडला, टेबलावर ठेवला. आता इबू तो उचलणार आणि आम्ही निघणार.

मला तोंड नाही. माझ्याकडं वाराच तेवढा. इबूचा हात फिरला आणि मी सगळा जोर लावला, मित्रांनो, सुटलेल्या पट्ट्यांसकट. कागद उडाला. टेबलावरून थेट वारसितीच्या पायाशी.

तिनं उचलला. इबूनं हात पुढं केला. वारसितीनं दिला नाही. छातीशी धरला आणि रडत म्हणाली, "डॉक्टर, गेलं होतं. चारच दिवस झाले. मी स्वतः धुतलंय लुगडं."

डॉक्टरांनी कागद परत घेतला. रागावल्या नाहीत. "इबू, बहुतेक वेळा हे साधंच काहीतरी असतं. कधी कधी नसतं. तपासल्याशिवाय मी संप्रेरक देऊ शकत नाही. सोनोग्राफी करू, आतला तुकडा तपासायला पाठवू."

"किती दिवस?"

"तीन आठवडे तरी."

म्हणजे जत्रा गेली.

बाहेर आल्यावर इबू फक्त एवढंच म्हणाली, "पाठची बहीण म्हणून तुला नेलं होतं." आणि तेवढ्यावर अबोला! चटणी हवी असेल तर, "पाक मरदी, त्या बाईला सांगा वाटी इकडं करायला." आणि मास्तर दोघींच्या मध्ये टपाल वाहत बसलेले. "इबू, त्या बाई म्हणतात, चटणी संपली. मी आता साते खाऊ की पोस्टमन होऊ?"

जत्रेत इबू निम्मा दिवस उभी राहिली. मग घेरी आली. वारसितीनं मला हातात घेतलं आणि सगळं करपवलं. जुनी गिऱ्हाइकं पलीकडच्या गाडीवर गेली. मी पाहत होतो, एकेक.

रिपोर्ट आला. आत अस्तरावर छोटासा कोंब होता, पॉलिप म्हणतात त्याला, तो काढून टाकला. वाईट काही निघालं नाही. आता औषध सुरू आहे. इबू सकाळी दंडावर जेल लावते, गाडीपासून लांब बसते, माझ्यानंच वारा घालून सुकवते, मग शेगडी पेटवते. वाफा उतरल्यात, पुरत्या गेल्या नाहीत. गाडी तूर्त विकलेली नाही. कधी कधी रात्रभर झोप लागते म्हणे.

पण रिपोर्टच्या दिवशी काय झालं ते ऐका. इबूनं तो कागद वारसितीपुढं आपटला.

"बघ! निघालं काही? माझी जत्रा घालवलीस."

"आणि निघालं असतं म्हणजे?"

"नाही ना निघालं!"

"ते तुला त्या दिवशी माहीत होतं का, ताई?"

इबूनं काड्या उलट्या केल्या. अबोला सुटलाय, पण हाक मारते ती "अगं ए" अशी. नावानं नाही.

आणि सगळं खापर वारसितीवर. माझ्यावर कुणाचा संशयसुद्धा नाही. मित्रांनो, पाळी बंद झाल्यावर वर्षानं थेंबभर जरी दिसलं तरी ते डॉक्टरला सांगायचं असतं, हे मी त्या दिवशी ऐकलं आणि ते मला पटलंय. पण गुपित इबूचं होतं, लाजही तिची होती, आणि जत्राही तिचीच गेली. हे मी भाजता भाजता दिवसभर उलटंपालटं करत असतो, आणि कुठल्याच बाजूनं नीट शिजत नाही.

तू, सगळ्यात वर टांगलेला, उद्या-परवा तू तिच्या हातात येणार. कागद टेबलावर आहे, ती नाही म्हणालीये, बहीण गप्प आहे, आणि तुझ्याकडं फक्त वारा आहे. सांग ना, तू काय केलं असतंस?